ड्यूबुकला बिऱ्हाड हलवताय? आधी गाव ओळखून घ्या

शिकागोच्या उपनगरांतून आयोवातल्या ड्यूबुकला येणारी आपली मंडळी मला हमखास विचारतात, "चांगला भाग कुठला?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. काय करायचं ते सांगते.

घरं दाखवणाऱ्या एजंटला "तिथे कसे लोक राहतात?" असं विचारू नका. 1968च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या भागाकडे वळवणं बेकायदा आहे. शहाणा एजंट हसून विषय बदलेल. स्वतः फिरा. मिसिसिपीच्या काठचा सखल भाग, ज्याला इथे 'फ्लॅट्स' म्हणतात, तिथली जुनी विटांची घरं बघा आणि पश्चिमेकडच्या नव्या वसाहतीही बघा. एकदा शाळा सुटायच्या वेळी जा. कोणाची मुलं कुठे चालत जातात हे तेव्हा कळतं.

मग थोडा इतिहास. सुमारे 60 हजार वस्तीचं हे गाव पूर्वी जवळजवळ सगळंच गोरं होतं. 1989 मध्ये इथे क्रूस जाळून कृष्णवर्णीयांना धमकावलं गेलं. त्यावर उपाय म्हणून 1991 मध्ये अल्पसंख्याकांची 100 कुटुंबं गावात आणायची योजना निघाली, तर आणखी क्रूस जळले. पुढे 2009 मध्ये आयबीएमने 1300 नोकऱ्यांची घोषणा केली आणि मुख्य पेठेतल्या जुन्या रोशेक इमारतीत ऑफिस थाटलं. आमच्यासारखे लोक त्या लाटेत आले. आमच्यासाठी पायघड्या होत्या! त्याच काळात शिकागोहून कृष्णवर्णीय कुटुंबंही येत होती. तिथल्या रॉबर्ट टेलर, कॅब्रिनी-ग्रीनसारख्या सरकारी वसाहतींचे टॉवर पाडले गेले होते. या कुटुंबांच्या वाट्याला मात्र नियम आले: भाड्याचं सरकारी व्हाउचर (कमी उत्पन्नवाल्यांना घरभाड्यासाठी मिळणारी मदत) आधी स्थानिकांना. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने 2013 मध्ये हा कृष्णवर्णीयांशी भेदभाव असल्याचा निष्कर्ष काढला आणि 2014 मध्ये शहराने सुधारणांचा करार केला.

हे माहीत असलं की शेजारी कुंपणापाशी "हल्ली शिकागोचे लोक फार वाढलेत" म्हणाला, तर काय बोलायचं ते सुचतं. शांतपणे सांगा, "आम्हीपण शिकागोचेच." तो म्हणेल, "छे, तुम्ही वेगळे." मग विचारा, "वेगळे म्हणजे कसे?" आणि गप्प बसा. भांडू नका, भाषणही देऊ नका. 'तुम्ही वेगळे' ऐकून सुखावायची खोड आपल्यात आहेच. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आडनाव विचारून भाडेकरू ठरवणारे आपण, इथे येऊन एकदम निष्पाप होत नाही.

ओळख वाढवायची तर शाळेतले कार्यक्रम आणि लायब्ररी बरी. नुसत्या गणपतीला सगळ्यांना बोलावून भागत नाही, त्यांच्याकडेही जावं लागतं. चर्चच्या जेवणाचं बोलावणं आलं तर जा. मांसाहार चालत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा. मुलांना एक शिकवा: कृष्णवर्णीय घरांत वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत बहुधा नसते, नावाआधी 'मिस' लावतात. आपल्या मुलांना काकू-मावशीची सवय असते, त्यांना हे जड जात नाही.

आणि ज्यांना दुसरं घर घेऊन भाड्याने द्यायचंय (अशी आपली मंडळी बरीच आहेत), त्यांनी व्हाउचरवाला भाडेकरू ऐकून दचकू नये. तो साधारण उत्पन्नाच्या 30 टक्के भरतो, उरलेलं भाडं गृहनिर्माण कार्यालय थेट घरमालकाला देतं. आधी घराची तपासणी होते, म्हणून खिडक्या आणि धुराचा अलार्म नीट करून ठेवा. आयोवातल्या 2021च्या कायद्यामुळे व्हाउचर घ्यायची सक्ती शहराला घरमालकावर करता येत नाही. पण रंगावरून नकार देणं आजही बेकायदाच. उत्पन्न, आधीच्या घरमालकाचा दाखला, काय हवं ते जाहिरातीआधीच कागदावर लिहा आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तोच कागद द्या.