जावास्क्रिप्टला पर्याय निवडताना

जावास्क्रिप्ट सोडून कोणती भाषा शिकावी, असे नागपुरातील शिकाऊ मुले मला वारंवार विचारतात. भाषा निवडण्याआधी आपले काम नेमके कुठे अडते, ते ब्राउझरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मोजून पाहावे.

चुका उशिरा सापडणे हीच अडचण असेल, तर टाइपस्क्रिप्ट, म्हणजे माहितीचे प्रकार (आकडा, मजकूर वगैरे) आधीच तपासणारी जावास्क्रिप्टची विस्तारित आवृत्ती, घ्यावी. गुगलने २०११ मध्ये डार्ट ही पर्यायी भाषा आणली तेव्हा तिचे स्वतंत्र इंजिन क्रोममध्ये बसवण्याचा विचार होता, तो २०१५ मध्ये सोडून द्यावा लागला. २०१२ मध्ये आलेली टाइपस्क्रिप्ट मात्र जावास्क्रिप्टमध्येच रूपांतरित होत असल्याने सर्वत्र रुजली. जुन्या प्रकल्पात एकेक फाइल बदलत जावे आणि प्रकारांची कडक (स्ट्रिक्ट) तपासणी शेवटी चालू करावी.

गणनाच जड असेल, तर वेबअसेंब्लीकडे, म्हणजेच वासमकडे, वळावे; इतर भाषांत लिहिलेला कोड ब्राउझरमध्ये वेगाने चालवण्याचे ते स्वरूप आहे. समजा, कळमना बाजारातील संत्र्यांच्या ढिगाचा फोटो पाहून हिरवट फळांचे प्रमाण ब्राउझरमध्येच काढायचे आहे. ४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या फोटोत १.२ कोटी पिक्सेल आणि प्रत्येकी चार बाइट धरून ४.८ कोटी बाइट होतात. रस्ट या भाषेत लिहून वासममध्ये रूपांतरित केलेले फंक्शन प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळे बोलावले, तर जावास्क्रिप्ट आणि वासम यांच्यात ये-जा करण्यातच वेळ जातो आणि सारी मेहनत पाण्यात जाते. म्हणून संपूर्ण चित्र एकदाच वासमच्या मेमरीत भरावे, मोजणी आतच पूर्ण करावी आणि बाहेर फक्त एक आकडा आणावा. वासमची मेमरी वाढली की ती वाचण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये आधी घेतलेला टाइप्ड अ‍ॅरे निकामी होतो, तो नव्याने घ्यावा. ही चूक शोधताना माझी एक अख्खी रात्र गेली आहे, म्हणून आवर्जून सांगतो. वेग मोजताना रिलीज बिल्डच (वेगासाठी तयार केलेली अंतिम आवृत्ती) वापरावा, आणि मोजणी वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळी पार्श्वभूमीत, ठेवावी, म्हणजे पान गोठत नाही.

वासमला पानावरील बटणे, फॉर्म यांना थेट हात लावता येत नाही, त्यासाठी जावास्क्रिप्टचा दुवा लागतोच; त्यामुळे ती भाषा इतक्यात हटेल असे मला वाटत नाही. तरीही २०२३ पासून क्रोम आणि फायरफॉक्समध्ये वासमसाठी गार्बेज कलेक्शन (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करण्याची सोय) आले, आणि कोटलिन व डार्टसारख्या भाषांना मेमरी सांभाळणारी स्वतःची यंत्रणा सोबत पाठवण्याची गरज उरली नाही. कोटलिनमध्ये अ‍ॅप लिहिणाऱ्यांनी हा मार्ग आताच एखाद्या छोट्या पानावर करून पाहावा, मात्र जुन्या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टची आवृत्तीही तयार ठेवावी.