मुलाला कर्सिव्ह कधी शिकवावं? वय नव्हे, पेन्सिलीचं टोक बघा

‘सिनियर केजीतच कर्सिव्ह (अक्षरं जोडून लिहायचं इंग्रजी) सुरू करा, नाहीतर पुढे अक्षराला वळण लागत नाही’ हा सल्ला पालकांना सोसायटीत, शाळेच्या गेटवर, सगळीकडे मिळतो. तो चुकीचा आहे. वर्षानुवर्षं मुलांचं अक्षर घडवताना मी बघत आले आहे की घाईने जोडलेली अक्षरं पुढे सोडवून पुन्हा बसवायला दुप्पट मेहनत पडते. वळण चौथीतही लागतं.

परदेशातले दाखलेही देऊ नका. फिनलंडने २०१६ पासून कर्सिव्हची सक्ती काढली. अमेरिकेतल्या २०१०च्या सामाईक अभ्यासक्रम-मानकांत ते नव्हतंच, आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून ते सक्तीचं केलं, तेही पहिली ते सहावी अशा ऐसपैस पट्ट्यात. यातून तुमच्या मुलाचा हात तयार आहे की नाही, हे कळत नाही.

आधी हात. गोल, अधिकचं चिन्ह, चौकोन, फुली आणि त्रिकोण बघून काढता येतात का? येत नसतील तर कर्सिव्हचा विषय बंद. चित्रं काढू द्या, कणीक मळू द्या, कात्री चालवू द्या.

मग पकड. दोन बोटं आणि अंगठा, मनगट वहीवर टेकलेलं. पाच ओळी लिहून हात दुखत असेल तर अजून थांबा.

आता खरी परीक्षा. मलाही सुरुवातीला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि बहुतेक पालक नेमकी हीच पायरी गाळतात. वही उघडून अक्षर सुबक दिसलं की ‘झालं, आता कर्सिव्ह घेऊ’ असं ठरवतात. पण वहीत फक्त निकाल दिसतो. कर्सिव्हला लागतो तो रस्ता: अक्षर कुठून सुरू झालं, कुठल्या दिशेने फिरलं, कुठे संपलं.

म्हणून कोरा कागद द्या आणि समोर नमुना ठेवू नका. मुलाच्या न लिहित्या हाताच्या बाजूला बसा आणि स्मॉल ए, डी, जी, ओ, एन, एच ही अक्षरं तोंडी सांगा. डोळे पेन्सिलीच्या टोकावर ठेवा. ए, डी, जी, ओ वरून, घड्याळात एक-दोन वाजतात त्या जागेवरून सुरू व्हायला हवेत आणि आधी डावीकडे वळायला हवेत. एन आणि एच वरून खाली यायला हवेत, मग त्याच रेघेवरून वर जाऊन कमान.

पुष्कळ मुलं डीची दांडी आधी मारतात आणि पोट नंतर चिकटवतात. कागदावर ते डी अगदी देखणं दिसतं. पण पेन्सिल पोटाशी संपते, दांडीच्या पायथ्याशी नाही, आणि पुढच्या अक्षराकडे जायला वाटच उरत नाही. ओ उलट्या दिशेने फिरवणाऱ्या मुलाचंही तेच. अशा मुलाला कर्सिव्ह दिलं की ते प्रत्येक अक्षरापाशी पेन्सिल उचलतं, अक्षरं सुटी काढतं आणि नंतर मध्ये शेपट्या जोडतं. ही सवय मोडणं महाकठीण, म्हणून ती लागूच देऊ नका.

रस्ता चुकत असेल तर दुरुस्ती सुट्या अक्षरांतच करायची. पाटीवर मोठं अक्षर, किंवा ताटात रवा पसरून बोटाने. तोंडाने ‘डावीकडे, गोल, वर, खाली’ म्हणत. रोज थोडा वेळ, एका वेळी एकच अक्षर. ठिपके जोडायची पुस्तकं घेऊ नका, कितीही रंगीत असोत. मूल ते ठिपके हव्या त्या क्रमाने जोडतं आणि चुकीचा रस्ताच पक्का होतो.

मराठीतून लिहायला शिकलेल्या मुलांकडे आणखी एक गोष्ट तपासा. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात. चाररेघी वहीत मूल तळ सोडून तरंगत लिहीत असेल, तर जोडण्या वेड्यावाकड्या होणारच. एक फायदा मात्र या मुलांना मिळतो. शब्द पूर्ण करून मग शिरोरेघ द्यायची सवय असेल, तर आयचा टिंब आणि टीची आडवी रेघ शेवटी द्यायची, हे त्यांना चटकन कळतं.

रस्ता बरोबर आला की शेवटची खूण: मूल लिहितालिहिता तुमच्याशी बोलू शकतं का? बोलताना हात थांबत नसेल, तर अक्षरं हातात उतरली. बहुतेक मुलांत हे दुसरीच्या अखेरीस किंवा तिसरीत दिसतं. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे बाराखडी, कॅपिटल आणि स्मॉल हे सगळं एकदम चालू असतं. त्यावर कर्सिव्हचा चौथा संच लादू नका. मराठी माध्यमात तिसरीपर्यंत थांबाच.

‘मग माँटेसरीत आणि फ्रान्समध्ये लहानपणीच कसं शिकवतात?’ माँटेसरीच्या मूळ पद्धतीत सुरुवातच जोडलेल्या अक्षरांनी होते, आणि फ्रान्समध्ये कॅपिटलनंतर स्मॉल अक्षरं थेट जोडूनच लिहायला शिकवतात. तुमची शाळा खरोखर तसं करत असेल तर घरी सुटी अक्षरं घुसडू नका. आपल्याकडे अडचण होते ती अर्धवट बसलेली सुटी अक्षरं मध्येच बदलण्याने. शाळा पहिलीतच आग्रह धरत असेल, तर गृहपाठापुरतं लिहू द्या, घरी जास्तीची पानं नकोत, आणि वर्गशिक्षिकेशी मोकळेपणाने बोला.

ठरलं की पुढचं सोपं आहे. आधी काही दिवस कर्सिव्ह फक्त वाचायला द्या. मग ए, सी, डी, जी, ओ, क्यू ही एकसारख्या वळणाची अक्षरं. त्यानंतर आय, यू, टी. मग एल, ई, एच, के. मग एन, एम. ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी यांची पुढची जोडणी वरून निघते, तिला सर्वांत शेवटी हात घाला आणि भरपूर वेळ द्या. डावखुऱ्या मुलाचा कागद उजवीकडे कलता ठेवा आणि अक्षर तिरकं झुकवायचा हट्ट धरू नका. कॅपिटल कर्सिव्हची घाई मुळीच नको. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर आलं की वर्षभर पुरतं.