मायच्या गुडघ्याची आग
यवतमाळकडच्या आमच्या गावात मायला गुडघा बदलून आणलं, तेव्हा टाक्यांच्या कडेची आग तिला झोपू देईना. डॉक्टरांनी लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, 5 टक्क्यांची चिकटपट्टी लिहून दिली. 12 तास लावायची, मग 12 तास कातडी मोकळी. जखमेवर नाही, बाजूच्या धड कातडीवर. पण मे महिन्यात घामानं पट्टी सुटून यायची. मग संध्याकाळी जागा पुसून, कूलरसमोर पूर्ण सुकवून लावू लागलो. शेजारची काकू मायेनं विटेचा शेक द्यायला आली, तिला थांबवलं. उष्णतेनं औषध अंगात जास्त शोषलं जातं. आतलं ठणकणं पट्टीनं जात नाही, त्याला गोळ्या चालूच होत्या. चौथ्या दिवशी सकाळी माय म्हणाली, "आता आग नाई होऊन राहिली बाप्पा." रात्रभर ती सलग झोपली होती.