वायुगळतीची नोंद ठेवताना या चुका टाळा

एका तालुक्याच्या रुग्णालयातील अपघात विभागाची नोंदवही तपासत असताना एकाच रात्रीच्या १४ नोंदींपुढे एकच शेरा आढळला : ‘गॅस लागला’. कोणता वायू, तो किती वाजता सुटला आणि रुग्ण त्या वेळी नेमका कुठे होता, याचा उल्लेख एकाही ओळीत नव्हता. घराचे पत्ते मात्र गल्लीसकट टापटीप लिहिलेले होते. उपचारात हयगय झालेली नव्हती, डोळे धुतले गेले, प्राणवायू दिला गेला आणि चौदाही जण आपापल्या पायांनी घरी गेले. परंतु त्यांच्यापैकी कुणाची धाप पुढे सहा महिने टिकली, तर तिचा त्या रात्रीशी संबंध लावण्यास ती वही निरुपयोगी होती. रासायनिक गळतीच्या नोंदींतील बहुतेक चुका याच जातीच्या असतात. बाधा लिहिली जाते. बाधा कशामुळे आणि कुठे झाली, ते लिहायचे राहते.

पदार्थाचे नाव न लिहिणे ही त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक. घातक माल नेणाऱ्या टँकरवरील आपत्कालीन माहिती फलकावर चार अंकी यूएन क्रमांक (पदार्थ ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असतो : अमोनियाचा १००५, क्लोरीनचा १०१७, मिथेनॉलचा १२३०, सल्फ्युरिक आम्लाचा १८३०. घटनास्थळावरून फोन करणाऱ्याला ‘वास कसला येतो?’ असे विचारण्यापेक्षा ‘लांबूनच त्या फलकाचा फोटो काढता येतो का पाहा’ असे सांगावे, कारण वासाचे वर्णन माणसागणिक बदलते आणि वास घेण्यासाठी पुढे गेलेला माणूस हाच पुढचा रुग्ण ठरतो. घटना कारखान्यातील असेल, तर सेफ्टी डेटा शीटची, म्हणजे रसायनाच्या धोक्यांच्या माहितीपत्रकाची, प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. आग लागलेली असल्यास साठ्यातील पदार्थ आणि धुरातील पदार्थ या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात : अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन येथे रेल्वे घसरल्यानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पाच टाकी-डब्यांतील व्हिनाइल क्लोराइड मुद्दाम जाळण्यात आले आणि ते जळताना हायड्रोजन क्लोराइड तयार होते, त्यामुळे तेथे केवळ डब्यावरचे नाव लिहून भागले नसते. नाव निश्चित नसण्याची किंमत आपल्याकडे भोपाळने मोजली. डिसेंबर १९८४ मध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटल्यानंतर ही सायनाइडची बाधा आहे का आणि त्यावरचा उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेट द्यावे का, हा वाद रुग्णांच्या खाटांपाशीच झडत राहिला.

पत्त्याची चूक वरवर किरकोळ वाटते. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील ग्रॅनिटव्हिल येथे ६ जानेवारी २००५ च्या पहाटे दोन रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन क्लोरीनचा टाकी-डबा फुटला आणि नऊ जण दगावले. त्यांपैकी सहा जण रुळांलगतच्या कापड गिरणीचे कामगार होते. घराच्या पत्त्यांवरून नकाशा काढला असता, तर मृत्यू जिथे झाले तिथे तो कोराच राहिला असता. म्हणून केसपेपरवर ‘गळतीच्या वेळी कुठे, घरात की उघड्यावर, किती वेळ’ एवढी एक ओळ वाढवावी. त्याचबरोबर, ज्यांना काहीच झाले नाही अशांचीही गणना व्हायला हवी, कारण हजारातले १४ आणि विसांतले १४ हे दोन अगदी वेगळे अपघात आहेत. ही यादी आशा सेविका आणि पोलीस पाटील दोन दिवसांत करू शकतात. महिन्याभराने कुणालाच ती धड करता येत नाही.

आकड्यांचा मेळ बसत नसेल, तर बहुधा दोन कारणे असतात. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात पाठवलेला रुग्ण दोन्हीकडे मोजला जातो, आणि खासगी दवाखान्यात गेलेला कुठेच मोजला जात नाही. नाव, वय व गाव एकत्र जुळवून पहिला घोळ सुटतो. दुसऱ्यासाठी गाडी काढून दवाखान्यांचे उंबरठेच झिजवावे लागतात. मोठ्या अपघाताची सूचना कारखानदाराने ४८ तासांच्या आत द्यावी, असे १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांत म्हटले आहे, परंतु ती सूचना कारखाने निरीक्षकांसारख्या प्राधिकाऱ्याकडे जाते, आरोग्य विभागाच्या टेबलावर आपोआप येत नाही. तिची वाट पाहत बसू नये.

‘कुणाला काही झाले नाही, मग नोंद कशाला?’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. अमेरिकेत १९९० ते २००९ या काळात काही राज्यांत चाललेल्या अशा नोंदणीत जखमी नसलेल्या घटना तर धरल्या जातच, शिवाय गळती प्रत्यक्षात न होताही लोकांना हलवावे लागले असेल, तर तीही घटना मोजली जाई. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर परिसरात १४ जुलै २०१० रोजी क्लोरीनच्या गळतीने शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली. ती सिलिंडरे तेथे कित्येक वर्षे पडून होती. गंजलेल्या व्हॉल्व्हपाशी येणारा उग्र दर्प ही नोंद करण्याजोगीच गोष्ट आहे, मग त्या दिवशी दवाखान्यात एकही माणूस आलेला नसो.

अग्निशमन जवान, पोलीस आणि रुग्णाचे भिजलेले कपडे उतरवणाऱ्या परिचारिका यांचा स्वतंत्र रकाना ठेवावा, नाहीतर ही मंडळी ‘कर्मचारी’ म्हणून यादीतून गळतात.

उरली वेळेची बाब. शरीरात गेलेल्या स्टायरिनचा (प्लास्टिक बनवण्यासाठी लागणारे रसायन) माग लघवीतील मँडेलिक आम्लावरून काढता येतो, पण ते काही दिवसांतच निघून जाते, त्यामुळे मे २०२० मधील विशाखापट्टणमच्या स्टायरिन गळतीसारख्या घटनेत नमुना पहिल्या एक-दोन दिवसांतच घेतला, तरच त्याला अर्थ असतो. क्लोरीनसाठी अशी सोयीची चाचणी नाही. तिथे माणूस कुठे आणि किती वेळ होता, ही लिहून ठेवलेली ओळच पुरावा ठरते. शिवाय फुप्फुसात पाणी साचण्याची लक्षणे काही तासांनी, आणि फॉस्जीन या विषारी वायूच्या बाबतीत कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात. तेव्हा संध्याकाळी ‘प्रकृती ठीक, घरी सोडले’ असे लिहून नोंद बंद करू नये, तर त्याच ओळीत दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करण्याची वेळ आणि तो कोणी करायचा त्याचे नाव लिहावे.