पाइपावरची डॉली: घरी बांधा, हळू ढकला

डॉली म्हणजे कॅमेरा ठेवून सरकवायची चाकांची गाडी. माझी पहिली डॉली म्हणजे घरातलं चाकं लावलेलं स्टूल. त्यावर ट्रायपॉड दोरीने आवळला, धाकट्या भावाला ढकलायला लावलं आणि खिडकीपाशी बसलेल्या नटीकडे कॅमेरा न्यायला सांगितलं. पुढे जाताना ठीक चाललं होतं. मग तोच शॉट उलटा, मागे येताना हवा होता. भावाने स्टूल ओढलं मात्र, चारही चाकं एकामागून एक गर्रकन फिरली आणि चित्राने चार वेळा मान झटकली. तो शॉट आम्ही चौदा वेळा घेतला आणि चौदाही फेकून दिले.

स्टुलाला किंवा ट्रॉलीला असतं ते फिरतं चाक स्वतःच्या उभ्या खिळ्याच्या थोडं मागे राहून ओढलं जातं. दिशा बदलली की त्याला अर्धा वळसा घ्यावाच लागतो, आणि तो वळसा कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतोच. म्हणून अशी वस्तू वापरायची वेळ आलीच, तर शॉट ज्या दिशेला जाणार त्याच दिशेला ती आधी हातभर ओढून घ्या. चाकं वळून बसतील, मग रेकॉर्डिंग सुरू करा. आणि एका शॉटमध्ये एकच दिशा.

बांधकामाच्या भानगडीत पडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: कॅमेरा खरोखर किती सरकायला हवाय? टेबलावरच्या पत्राकडे वीतभर जायचं असेल तर डॉली कशाला? गुळगुळीत टेबलावर जाड सुती कापड पसरा, त्यावर कॅमेरा, लेन्सखाली घडी घातलेला रुमाल, आणि कापड दोन्ही हातांनी ओढा. फ्रेमच्या खालच्या कडेला एखादी वस्तू अगदी जवळ ठेवलीत तर वीतभर सरकणंही मोठं वाटतं. जवळची वस्तू भरभर सरकते, लांबची रेंगाळते, आणि डोळ्याला हालचाल कळते ती या फरकातून. मोकळ्या भिंतीसमोर दहा फूट ट्रॅक टाकून काही उपयोग नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी तयार वस्तू म्हणजे चाकांची खुर्ची, म्हणजे व्हीलचेअर. ज्याँ-लुक गोदार यांच्या १९६० च्या ‘ब्रेथलेस’मध्ये छायाचित्रकार राउल कुतार अशा खुर्चीत कॅमेरा घेऊन बसायचे आणि खुर्ची गोदार स्वतः ढकलायचे. खुर्चीची मागची चाकं मोठी असतात, त्यामुळे फरशीच्या सांध्यात ती अडकत नाहीत. हवेचे टायर असतील तर हवा थोडी कमी करा. बसणाऱ्याने पाठ खुर्चीला टेकवू नये आणि कोपरं खुर्चीच्या हातांवर ठेवू नयेत, कारण खुर्चीचा प्रत्येक गचका लाकडासारखा सरळ कॅमेऱ्यात चढतो. मधे माणसाचं शरीर सैल राहिलं तर ते गचके पिऊन टाकतं. मात्र पुढची छोटी चाकं इथेही फिरतीच असतात, तेव्हा वरचा नियम लागू.

आता खरी डॉली. पाइपावर चालणारी. मी तीन बांधल्या, तिसरी अजून चालते, तिचीच मापं देते.

लागतं ते असं: स्केटबोर्डची ५२ मिमीची आठ चाकं, दर चाकात ६०८ नंबरची दोन बेअरिंग, म्हणजे सोळा. या बेअरिंगचं आतलं भोक ८ मिमी असतं, म्हणून बोल्टही ८ मिमीचे, ५० मिमी लांब, नायलॉक नटसकट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा नट). ॲल्युमिनियमचा ४० बाय ४० मिमीचा एल आकाराचा अँगल, ६० सेंटिमीटरचे दोन तुकडे. १८ मिमी जाडीचा, ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी प्लाय. ५० मिमीची एक चौकोनी लाकडी पट्टी. आणि रुळांसाठी ४० मिमी बाहेरच्या व्यासाचे जाड भिंतीचे पीव्हीसी पाइप. चाकं नवी घ्यायची गरज नाही, पण सगळी एकाच जोडातली हवीत. झिजलेलं एक आणि नवं एक अशी जोडी लावलीत तर डॉली लंगडते. निवड असेल तर मऊ युरेथेनची घ्या. टणक चाकं पाइपावर खडखडतात.

अँगल प्लायखाली कोपरा खाली करून, इंग्रजी ‘व्ही’सारखा बसतो. चाकं त्याच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना लागतात, म्हणजे दोन चाकं पाइपाला वरून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत कवटाळतात. एकदा ती बसली की डॉलीला डावीउजवीकडे जायला जागाच उरत नाही.

भोकांची जागा नीट ऐका, कारण माझी दुसरी डॉली इथेच फसली. दोन्ही अंगांवर भोकं कोपऱ्यापासून २० मिमीवर, म्हणजे बरोबर मध्यावर पाडली होती. दिसायला छान. चाकं चढवली तर समोरासमोरच्या दोन चाकांच्या कडा एकमेकींना घासायला लागल्या, आणि ढकलल्यावर रबर जळल्यासारखा वास! भोक कोपऱ्यापासून २५ मिमीवर हवं. तेवढ्या पाच मिलिमीटरने चाकं एकमेकींपासून सुटतात आणि पाइपाला चाकाच्या मधल्या पट्ट्यावर टेकतात. अँगलच्या दोन्ही टोकांपासून पाच-पाच सेंटिमीटर आत भोकं घ्या. आधी खिळ्याने ठोका मारून खूण करा, नाहीतर ड्रिल ॲल्युमिनियमवर नाचतं. ३ मिमीचं बारीक भोक आधी, मग ८ चं. कडा कानशीने साफ.

बोल्ट आतून बाहेर घाला, डोकं अँगलच्या पोटात. मग चार-पाच वॉशर, मग चाक, मग आणखी एक वॉशर आणि नायलॉक नट. बेअरिंगला टेकणारं वॉशर लहान हवं, म्हणजे ते फक्त आतल्या कड्याला लागेल. मोठं वॉशर बाहेरच्या कड्याला टेकलं की चाक जड फिरतं आणि दोष बेअरिंगला दिला जातो. दोन बेअरिंगच्या मधली नळी विसरू नका. तिच्याशिवाय नट आवळला की बेअरिंग तिरकी दाबली जातात. नट किती आवळायचा? चाकाला बोटाने टिचकी मारा. ते निवांत फिरत राहिलं पाहिजे, पण हाताने हलवल्यावर टकटक वाजता कामा नये.

आता अँगल प्लायला जोडायचा कसा, कारण त्याच्या वर तर दोन उघड्या कडा आहेत. यावर माझ्या सुतारकाम करणाऱ्या मामांनी सांगितलेला उपाय असा: चौकोनी पट्टी कर्णावर तिरकी चिरायची. दोन त्रिकोणी पट्ट्या मिळतात, आणि त्या अँगलच्या पोटात फिट्ट बसतात. टोकांना बोल्टची डोकी आहेत, म्हणून पट्टी ४५ सेंटिमीटरचीच ठेवा, मधोमध. पट्टी अँगलपेक्षा मुद्दाम मोठी घेतली आहे. ती कडांच्या वर सेंटिमीटरभर निघते, त्यामुळे प्लाय उचलला जातो आणि चाकांची वरची कड त्याला घासत नाही. अँगलमधून पट्टीत स्क्रू, वरून प्लायमधून पट्टीत स्क्रू. दोन्ही अँगल एकमेकांना समांतर आहेत का ते पुढे आणि मागे, दोन्हीकडे टेपने मोजा. नुसत्या नजरेवर विसंबू नका. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला की डॉली रुळावर अर्ध्यात जड होते.

प्लायवर ट्रायपॉडच्या पायांसाठी तीन उथळ खड्डे पाडा किंवा तीन बाटल्यांची झाकणं स्क्रूने ठोका. त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. उंची पायांनीच घ्या. आणि ट्रायपॉड पट्ट्याने खाली ओढून बांधा, कॅमेरा कितीही हलका असला तरी.

रूळ अंथरताना लोक घाई करतात, आणि सगळे गचके तिथूनच येतात. डॉली बांधायला एक दिवस लागतो, रूळ लावायला दर वेळी अर्धा तास, आणि हा अर्धा तास वाचवलेला शॉट मला ओळखता येतो. दोन्ही पाइप जमिनीवर ठेवा, डॉली एका टोकाला चढवा आणि हळूच दुसऱ्या टोकाला न्या. अंतर ती स्वतःच ठरवून देते. मग मीटरभर अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या सरकवा, त्यांत पाइप बसेल अशा खाचा पाडून. पातळी बघायची स्पिरिट लेव्हल आधी एका पाइपावर लांबीत, मग दोन्ही पाइपांवर आडवी. जिथे खोलगट तिथे पातळ पाचर. पाचर नेहमी लाकडी पट्टीखाली घाला. पाइपाखाली घातलीत तर तो दोन पाचरींच्या मधे दबतो.

पाइप जोडावा लागला तर आत २०–२५ सेंटिमीटरचा लाकडी दांडा घट्ट बसवा आणि तोंडं एकमेकांना भिडवा. बाहेरच्या कडेवरून पॉलिश पेपर फिरवा. दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका. एक सांधा इथे, दुसरा निदान अर्धा मीटर पुढे, म्हणजे गचका बसला तरी एकाच बाजूचा बसेल. उन्हात काम असेल तर पीव्हीसी मऊ पडतो आणि दोन पट्ट्यांच्या मधे खाली झोल धरतो. अशा वेळी पट्ट्या अर्ध्या मीटरवर आणा. काम झाल्यावर पाइप भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका. माझे दोन त्या सवयीने धनुष्य झाले.

हलकी डॉली प्रत्येक खड्याला दाद देते. जड डॉली सुरू व्हायला आळस करते आणि थांबायलाही, आणि पडद्यावर हाच आळस सुंदर दिसतो. तेव्हा प्लायवर वाळूच्या पिशव्या टाका, वीस-पंचवीस किलोपर्यंत, दोन्ही रुळांवर सारख्या. मी एकदा पिशव्यांऐवजी पाण्याचा कॅन ठेवला होता, अर्धा भरलेला. पाणी डुचमळलं आणि शॉट बोटीतून घेतल्यासारखा आला. पाणीच वापरायचं तर गळ्यापर्यंत भरा.

ढकलणाऱ्याचं काम कॅमेरा चालवणाऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे, पण हौशी मंडळींत ते मोकळ्या असलेल्या कुणालाही दिलं जातं. असं करू नका. एकच माणूस ठरवा आणि त्याला तालीम द्या. त्याने गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत चालायचं. हात ताठ आणि जोर कमरेचा. जोर प्लायवर लावायचा, ट्रायपॉडला हात लावायचा नाही. सुरुवात आणि शेवटाच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा, आणि शेवटच्या पट्टीच्या अर्धा मीटर आधी तिसरी, ‘आता सोड’ म्हणून. तिथून डॉली स्वतःच्या वजनावर जाऊन थांबते. दोरीने ओढायची असेल तर मागेही एक दोरी आणि मागे एक माणूस, जो किंचित ताण देत राहील. नुसती पुढची दोरी सैल पडते आणि पुन्हा ताणली जाते, आणि तो हिसका लपत नाही.

ढकलणाऱ्याने स्क्रीनकडे पाहायचं नाही हेही आधीच सांगा. माझा भाऊ स्क्रीन बघत ढकलायचा, आणि नटी थबकली की तोही थबकायचा, अर्धा सेकंद उशिरा. आता तो तिच्या पावलांकडे बघतो.

कॅमेऱ्यात दोनच गोष्टी. लेन्स जितकं रुंद दृश्य घेते तितके गचके कमी दिसतात, म्हणून पहिल्या दिवशी टेलिफोटोचा, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सचा, हट्ट नको. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवा. फार वेगवान शटरने सरकणारे उभे खांब पडद्यावर तुटक उड्या मारतात. शॉटमध्ये संवाद नसेल तर ५० फ्रेमने घेऊन २५ ने चालवा. थरथर निम्म्या वेगाने येते आणि डोळा माफ करतो.

गोल फिरणारी छोटी डॉली हवी असेल, टेबलावर एखाद्या वस्तूभोवती जाणारी, तर ती रुळांशिवाय होते. फळीच्या तुकड्याला चार चाकं लावा, पण आस समांतर ठेवू नका. प्रत्येक चाकाची आसरेषा वाढवली तर ती वर्तुळाच्या केंद्रात जाऊन मिळाली पाहिजे. कागदावर केंद्र मांडा, तिथून दोऱ्याने रेषा ओढा, त्या रेषांवर चाकं बसवा. एकही चाक चुकलं तर ते फरफटतं आणि करकरतं.

करकरण्याचं म्हणाल तर मोठ्या डॉलीचीही चाचणी कानांनीच घ्या. खोलीत सगळ्यांना गप्प करा आणि एकदा रिकामी डॉली नेऊन आणा. पाइपावर धूळ असेल तर बारीक खरखर येते. कोरड्या फडक्याने पाइप आणि चाकं पुसली की जाते. ठरावीक अंतराने टक् येत असेल तर चाकात खडा रुतलाय. एकाच जागी टक् येत असेल तर सांधा उचललाय, परत पाचर बघा.