इंग्लंडला मास्टर्सला येताय? या चुका टाळा, म्हणजे रात्री अकराला मला फोन करावा लागणार नाही

सप्टेंबर उजाडला की लेस्टरमधल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. कुणाच्या मावशीच्या शेजाऱ्याचा मुलगा, कुणाची भाची. "ताई, एक विचारू का?" विचारा की. पण बहुतेक वेळा विचारायच्या आधीच घोळ घालून झालेला असतो, आणि तोही व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एखाद्या 'दादा'चं ऐकून. हा दादा गेल्या वर्षीच इथे आलेला असतो. कौन्सिल टॅक्स (राहत्या घरावरचा स्थानिक कर) आणि टीव्ही लायसन्स (टीव्ही बघायचा परवाना) यांतला फरक त्याला स्वतःला अजून कळलेला नसतो, पण सल्ला मात्र ठणठणीत. नियम सरकारच्या आणि विद्यापीठाच्या साइटवर सोप्या इंग्रजीत लिहिलेले आहेत. आयईएल्ट्सला साडेसात बँड मिळवणाऱ्या मुलांना ते वाचायचा कंटाळा का येतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ग्रुपवरून पौंड घेणं

या चुकीवरून मी सगळ्यात जास्त भांडते, म्हणून आधी हीच. ग्रुपवर मेसेज पडतो: 'माझ्याकडे पौंड आहेत, भारतात रुपये हवेत, बँकेपेक्षा दोन रुपये कमी रेट.' तुमचे बाबा तिकडे कुणाच्या तरी खात्यात रुपये भरतात, इकडे तुमच्या खात्यात पौंड जमा. ना फॉर्म, ना बँकेचं कमिशन. सगळे खूश.

सांगलीकडचा एक मुलगा होता. अभ्यासू, सरळ, आमच्याकडे चहाला आला तर स्वतःचा कप विसळून ठेवणारा. भाड्याचे ९०० पौंड त्याने असे घेतले. पैसे आले ते तिसऱ्याच माणसाच्या नावाने. त्याला वाटलं, असेल दादाचा रूममेट. काही दिवसांनी सुपरमार्केटच्या काउंटरवर त्याचं कार्ड चालेना. मागे रांग, समोर दूध, अंडी, कांदे. सगळं तिथेच सोडून तो बाहेर आला, ॲप उघडलं, तर खातं गोठवलेलं. फोन केला, शाखेत गेला, सगळीकडे एकच उत्तर: कारण सांगता येणार नाही. त्याला तो उद्धटपणा वाटला, पण तो नव्हता. पैशांबद्दल संशय कळवलाय हे ग्राहकाला सुचवणं हाच गुन्ह्याच्या पैशांबद्दलच्या २००२ च्या कायद्याखाली बँकेच्या माणसाचा गुन्हा ठरू शकतो. ते ९०० पौंड एका वृद्ध बाईंना फोनवर फसवून काढलेले होते, हे त्याला पुढे पोलिसांनी बोलावलं तेव्हा कळलं.

बँकेने खातं बंद केलं आणि त्याच्या नावावर सिफासची नोंद चढली. सिफास ही फसवणूक रोखण्यासाठी बँकांना माहिती पुरवणारी संस्था. तिथली नोंद सहा वर्षांपर्यंत राहते आणि नवीन खातं उघडताना बँका ती बघतात. म्हणजे दुसरी बँक दारात उभी करत नाही, पगार घ्यायला खातं नाही, फोनचं साधं काँट्रॅक्ट मिळत नाही. चोरीचा पैसा आपल्या खात्यातून फिरू देणाऱ्याला इथे मनी म्यूल म्हणतात आणि त्याला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मला माहीत नव्हतं' हे पटवून द्यायला वकील लागतो. वकिलाचा तासाचा दर ऐकलात तर पौंडामागे वाचलेले दोन रुपये आठवून हसू येईल.

माझा उपाय काही हुशारीचा नाही. पैसे आईबाबांच्या खात्यातून, त्यांच्याच बँकेतून, ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरून, थेट तुमच्या नावावर. रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तुमचं भाडं त्यात कुठल्या कुठे बसतं. या मार्गाने पैसे यायला काही दिवस लागतात आणि इथलं खातं उघडायला विद्यापीठाचं पत्र लागतं, ज्याला सप्टेंबरात रांग असते. म्हणून सुरुवातीच्या दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डवर घेऊनच निघा. "पण ताई, मला आजच हवेत," म्हणणाऱ्यांना मी सांगते, माझ्याकडून उसने घे, पण ग्रुपवरून घेऊ नकोस.

बाथरूमला मोरी समजणं

इथल्या बाथरूमच्या जमिनीला उतार नसतो आणि कोपऱ्यात जाळीही नसते. पाणी जाणार फक्त बाथटबमधून नाहीतर शॉवरच्या ट्रेमधून. बाकीची जमीन म्हणजे जुन्या घरांत लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर व्हायनिल. आणि त्याखाली थेट स्वयंपाकघराचं छत.

हे न कळलेल्या चार मुलींनी शंभर वर्षांपूर्वीचं एक दुमजली घर भाड्याने घेतलं. शॉवरखाली अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्यांनी बादली आणि मग आणला आणि टबच्या बाहेर, जमिनीवर पाट मांडून अंघोळी सुरू केल्या. पाणी नंतर मॉपने पुसायच्या, अगदी मनापासून. पण व्हायनिलच्या कडेने रोज थोडं थोडं खाली झिरपत राहिलं. स्वयंपाकघराच्या छताला आधी चहा सांडल्यासारखा एक डाग दिसला. घरमालक ओरडेल म्हणून कुणी कळवलं नाही. डाग पसरला, मग मध्ये फुगला, आणि डिसेंबरातल्या एका रात्री ओल्या प्लास्टरचा टोपलंभर ढीग शेगडीवर आला. कुकरमध्ये दुसऱ्या दिवसाची डाळ होती. डिपॉझिट पूर्ण गेलं, वर दुरुस्तीचं बिल.

बादली हवी तर खुशाल घ्या, पण ती टबमध्ये ठेवा आणि तुम्हीही टबमध्येच बसा. शॉवरचा पडदा टबच्या आत सोडा, बाहेर नाही. आणि डाग दिसला की त्याच दिवशी फोटोसकट ईमेल. तुम्ही वेळेवर कळवल्याचा लेखी पुरावा असेल तर वाढलेलं नुकसान तुमच्या गळ्यात मारणं अवघड जातं.

याच घोळाचा सावत्र भाऊ म्हणजे बुरशी. खिडक्या गच्च बंद, रेडिएटरवर ओल्या जीन्स, आणि एक्झॉस्ट फॅनचा आवाज होतो म्हणून त्याची दोरी ओढून बंद. कपड्यांतलं पाणी हवेत जातं, तिथून थंड भिंतीवर. जानेवारीपर्यंत कपाटामागे काळे ठिपके. थंडी वाजली तरी सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडायची, स्वयंपाक आणि अंघोळीला पंखा लावायचा. मी तर कपडे लाँड्रेटमध्ये ड्रायरला नेऊन टाकते.

डिपॉझिटचा विषय निघालाच आहे तर: साध्या भाडेकरारात ते पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ३० दिवसांच्या आत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत जमा करावं लागतं. जमा केल्याचा कागद मागून घ्या. वाद झाला तर या योजना फुकटात निवाडा करतात. किल्ली हातात आल्या आल्या प्रत्येक खोलीचा, ओव्हनच्या आतला आणि गादीच्या खालच्या बाजूचासुद्धा व्हिडिओ काढून स्वतःलाच ईमेल करायचा. घर न बघता, नुसत्या फोटोंवर पैसे पाठवणाऱ्यांबद्दल काय बोलू? पहिले दोन आठवडे विद्यापीठाच्या हॉलमध्ये नाहीतर होस्टेलमध्ये काढा आणि मग घर शोधा. घाई त्या फोटो पाठवणाऱ्याला असते.

'उन्हाळ्यात फुल टाइम चालतं'

नाही चालत. निदान तुम्हाला नाही. स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तास, आणि सुट्टीत पूर्ण वेळ, इथवर दादा बरोबर असतो. पण एक वर्षाच्या मास्टर्समध्ये उन्हाळा हा डिसर्टेशनचा (प्रबंधाचा) काळ आहे, सुट्टी नव्हे. बीएस्सीच्या मुलांची सुट्टी बघून तुम्ही गोदामात ४० तासांच्या शिफ्ट घेतल्या की व्हिसाची अट मोडली. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. या आठवड्यात १२ केले म्हणून पुढच्यात २८, असली सरासरी चालत नाही. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हींचे तास मिळून २०.

आणि जेवण पोचवणाऱ्या ॲपचं दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन सायकल हाणणाऱ्यांनो, ते काम स्वयंरोजगारात मोडतं आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगारालाच बंदी आहे. भारतातल्या क्लायंटची फ्रीलान्स कामंही त्यातच आली.

पटापट उरकायच्या गोष्टी

फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून त्यावर शॉवर कॅप चढवणं: मूर्खपणा, दुसरा शब्द नाही. दार लावा, खिडकी उघडा, पंखा चालू करा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका. मोहरी त्याआधीच तडतडते.

साजूक तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या बॅगेत आणणं. भारतातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पकडलं तर फेकून देतात आणि आईने कढवलेलं तूप फेकताना बघवत नाही. इथे तूप सुपरमार्केटातही मिळतं. गोडा मसाला आणा, तो सहज मिळत नाही.

कौन्सिल टॅक्सचं पत्र 'विद्यार्थ्यांना माफ असतो' म्हणून केरात टाकणं. माफ असतो, पण ते कौन्सिलला तुम्ही कळवायचं असतं, विद्यापीठाच्या दाखल्यासह. घरात एक जण जरी नोकरीवाला आला तरी बिल येतं.

जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव न नोंदवणं. व्हिसाबरोबरच्या हेल्थ सरचार्जचे वर्षाला ७७६ पौंड भरून आलात, तरी ताप चढेपर्यंत कुणी जीपी शोधत नाही. पहिल्याच आठवड्यात नोंदणी करा, पत्त्याचा पुरावा नसला तरी नाकारता येत नाही. घसा दुखत असेल तर आधी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जा, २०२४ पासून ते अशा काही दुखण्यांवर स्वतःच औषध देऊ शकतात.

रविवारी संध्याकाळी पाचला किराणा आणायला निघणं. मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडायची परवानगी आहे.

ऑफ-पीक (गर्दी नसलेल्या वेळेचं स्वस्त) तिकीट काढून सकाळी साडेसातच्या गाडीत बसणं. रेलकार्डने तिकीट एक तृतीयांशाने उतरतं, पण ते गाडीची वेळ बदलत नाही. तपासनीसाला "मला माहीत नव्हतं सर" चालत नाही.

मित्राला 'फक्त बघायला' असाइनमेंटचा कोड देणं. टर्निटिन (नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर) आणि प्राध्यापक दोघांनाही कळतं, आणि देणारा-घेणारा दोघेही चौकशीला उभे राहतात.

पहिल्या पेपरला ६२ आले म्हणून रडत घरी फोन करणं. इथे पन्नासला पास, साठला मेरिट आणि सत्तरला डिस्टिंक्शन. ६२ वर पेढे वाटा (इथलेच घ्या, वर वाचलंत ना).

नोकरी 'आधी सेटल होऊ, मग बघू'

मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम्स सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडतात, म्हणजे तुम्ही अजून गादी आणि उशी विकत घेत असता तेव्हा. काही जागा भरल्या की आधीच बंद होतात. डिसर्टेशन देऊन पुढच्या सप्टेंबरात अर्ज करायला बसलेली मुलं एक अख्खा हंगाम हुकवून बसलेली असतात. सीव्ही इथल्या पद्धतीने दोन पानी करा, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख काढून टाका, आणि विमानात बसायच्या आधी करा. विद्यापीठाचं करिअर सेंटर तो तपासून देतं, फीमध्येच आहे ते.

ग्रॅज्युएट व्हिसाबद्दलही (कोर्सनंतर इथे राहून काम करायचा व्हिसा) ग्रुपवर जुनंच फिरतंय. 'दोन वर्षं आहेत रे' हे खरं होतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. अर्ज इंग्लंडात असतानाच, स्टुडंट व्हिसा संपायच्या आत करायचा असतो, आणि तुम्ही कोर्स पूर्ण केल्याचं विद्यापीठाने आधी होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला) कळवलेलं असावं लागतं. कळवलं का, हे ईमेल करून विचारा. अर्जाचा निकाल यायच्या आत भारतात गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात, म्हणून दिवाळीचं तिकीट त्याआधी काढू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.