लिनक्स संगणकावरील वायर्ड नेटवर्क सारखे तुटत असेल तर

नेटवर्क पूर्ण बंद पडले की दोष शोधणे त्या मानाने सोपे असते. ते अधूनमधून तुटते आणि आपण संगणकापाशी येईपर्यंत आपोआप जुळते, तेव्हा खरी पंचाईत होते. अशा वेळी घाईने ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम) बदलणे किंवा लिनक्स पुन्हा बसवणे टाळावे, आणि नेमके काय तुटते आहे ते आधी ठरवावे. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या आहेत.

पहिला प्रश्न असा की केबलमधली जोडणीच, म्हणजे लिंक, तुटते की लिंक शाबूत राहून फक्त वरची वाहतूक अडते. त्यासाठी एका खिडकीत ‘सुडो जर्नलसीटीएल -के -एफ’ चालू ठेवावे, म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश येतील तसे वेळेसह दिसत राहतील. दुसऱ्या खिडकीत ‘आयपी रूट’ या आज्ञेने राउटरचा पत्ता पाहून त्याला सतत पिंग करत (छोटे संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहत) राहावे. घरातल्या वायर्ड नेटवर्कवर हे उत्तर साधारणपणे एका मिलिसेकंदाच्या आसपास यावे आणि एकही पॅकेट (माहितीचा तुकडा) गळू नये. नेटवर्क गेल्याच्या क्षणी कर्नलच्या नोंदीत ‘लिंक इज डाउन’ अशा अर्थाची ओळ आली, तर दोष केबल, पोर्ट, नेटवर्क कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर यांपैकी कशात तरी आहे. राउटरला पिंग अखंड चालू असेल आणि तरीही संकेतस्थळे उघडत नसतील, तर केबल आणि कार्ड निर्दोष मानून राउटरच्या पलीकडे किंवा डीएनएसकडे (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे) पाहावे.

लिंक तुटत असेल तर संशयाचा पहिला मान केबलचा. ‘सुडो ईथटूल’ आणि पुढे इंटरफेसचे नाव (ते ‘आयपी लिंक’ने कळते, बहुधा ‘ईएनपी३एस०’ अशा धाटणीचे असते) दिले की वेग, डुप्लेक्स (पाठवणे आणि घेणे एकाच वेळी चालते की आळीपाळीने) आणि स्वयंवाटाघाटीची (दोन्ही टोकांनी वेग आपसांत ठरवण्याची) स्थिती दिसते. दोन्ही टोकांची उपकरणे गिगाबिटची असूनही वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसला, तर तो फार बोलका पुरावा आहे. १०० मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकांच्या तारा पुरतात, तर गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली, तर अनेक कार्डे गिगाबिटचा प्रयत्न काही वेळा फसल्यावर मुकाट्याने १०० वर उतरतात, आणि तार नुसतीच सैल असेल तर लिंक दिवसभर वरखाली होत राहते. माझ्या खोलीतली केबल दाराखालून गेली होती; दार आपटले की नेटवर्क जात होते आणि मी मात्र आठवडाभर ड्रायव्हरच्या मागे लागलो होतो.

केबल बदलून पाहताना ती खात्रीची, छोटी आणि थेट राउटरला लावलेली असावी. मधले स्विच आणि भिंतीतले सॉकेट त्या वेळेपुरते वगळावेत. राउटरवरचे पोर्टही बदलून पाहावे. प्लगची क्लिप तुटलेली असेल तर नवा प्लग क्रिम्प करून घ्यावा, चिकटपट्टीवर विसंबू नये. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून आलेल्या केबलचे आवरण उन्हाने तडकते आणि पहिल्या पावसात आत पाणी शिरते, म्हणून जूनमध्ये सुरू झालेल्या तक्रारीत तिकडे आधी पाहावे.

लिंक टिकते पण वेग कोसळतो, अशा वेळी ‘आयपी -एस -एस लिंक’ने त्रुटींचे आकडे पाहावेत. काही मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहून आकडा वाढतो का ते तपासावे, कारण जुना साचलेला आकडा काहीच सिद्ध करत नाही. सीआरसी त्रुटी (वाटेत बिघडून आलेली पॅकेटे) वाढत असतील तर पुन्हा केबलकडेच यावे. मात्र हे आकडे आपल्याकडे आलेल्या पॅकेटांचे असतात. आपण पाठवलेली पॅकेटे वाटेत बिघडली तर त्यांची मोजदाद समोरच्या स्विचवर होते. एका टोकाला कोणी वेग हाताने १०० फुल डुप्लेक्सवर पक्का केला असेल, तर स्वयंवाटाघाट करणारे दुसरे टोक हाफ डुप्लेक्सवर (आळीपाळीच्या पद्धतीवर) जाते. मग पिंग छान चालतो आणि मोठी फाइल मात्र रांगते. दोन्ही टोकांना स्वयंवाटाघाट चालू ठेवणे हाच यावरचा उपाय.

लिंक टिकते आणि त्रुटीही नाहीत, तरी राउटरचा पिंग मधूनच थांबत असेल, तर एकच आयपी पत्ता दोन उपकरणांना मिळाला आहे का ते ‘आर्पिंग -डी’ने तपासावे (इथे डी मात्र मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरातला). प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या (राउटरने आपोआप पत्ते देण्याच्या) वाटपात येणे, हे याचे नेहमीचे कारण असते.

केबल आणि पत्ता दोन्ही निर्दोष ठरले, तरच ड्रायव्हरकडे वळावे. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ने कार्ड आणि वापरातला ड्रायव्हर कळतो. कर्नलच्या नोंदीत ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ किंवा इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरकडून ‘हार्डवेअर युनिट हँग’ असे दिसले, तर ईथटूलने टीएसओ आणि जीएसओ (मोठ्या पॅकेटांचे तुकडे करण्याचे काम पुढे ढकलणाऱ्या सोयी) बंद करून पाहावे. वाहतूक नसताना लिंक पडत असेल, तर ऊर्जाबचतीची ईईई सुविधा बंद करावी. रियलटेकच्या आर८१६९ ड्रायव्हरवर अडचण असेल, तर कर्नलला ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हा (कार्डाच्या जोडणीच्या ऊर्जाबचतीसंबंधीचा) पर्याय देऊन पाहता येतो; लॅपटॉपवर त्याने बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो शेवटी ठेवावा.

एका वेळी एकच बदल करावा, आणि नेटवर्क दर चाळीस मिनिटांनी तुटत असेल तर किमान दोन तास वाट पाहून मगच निष्कर्ष काढावा. ईथटूलने केलेले बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर पुसले जातात, तेव्हा जो बदल उपयोगी ठरला तेवढाच सिस्टिमडीच्या (लिनक्स सुरू होताना सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) छोट्या युनिटमध्ये लिहून कायम करावा.